शून्य पूर्णांक शून्य शून्य

फुंका, पोलीस म्हणाला, आणि मी फुंकलं.
मागे एकवीस मुलं, दप्तरं मांडीवर,
एकही बोललं नाही.
यंत्रावर आकडा उमटला: शून्य पूर्णांक शून्य शून्य.
त्यानं माझं नाक पाहिलं, गाल, मग डोळे,
आणि यंत्र जरा हलवून बघितलं.

वोरूच्या ह्या अंगाला अठरा वर्षं शाळेची बस चालवतेय मी.
बाटलीनं वडील नेले, तेव्हापासून
मला तिच्या बुचाचाही वास सोसत नाही.
पण चेहरा चहाडखोर,
आणि चहाड्या तरी खऱ्या सांगाव्यात!
तक्रार कुणी केली ते ठाऊक आहे मला.
पावाच्या दुकानात भेटते ती,
थंडी किती पडलीय ते बोलते.

त्वचेच्या डॉक्टरनं नाव सांगितलं: रोझेशिया.
गुलाबाच्या घरातलं वाटलं.
गाल राहू द्या, ती म्हणाली,
ह्या डोळ्यांकडे कुणी पाहिलंय का?

तार्तूच्या इस्पितळात डॉक्टर किर्सिपू.
हनुवटी टेकवा, कपाळ टेकवा.
डोळ्यांत पिवळा थेंब, त्यावर निळा उजेड.
मग म्हणाली, तुमचे डोळे कोरडे आहेत.
मला हसू आलं.
माझ्या गालांवरून पाणी ओघळत होतं तेव्हा.

तेल, ती म्हणाली. पापणीच्या काठाला
इवल्या इवल्या ग्रंथी असतात,
अश्रूंवर तेलाचा पापुद्रा धरतात.
तुमच्या तुंबल्यात. आत लोणी थिजलंय.
पाणी येतं, टिकत नाही.

हे कळलं मला.
उणे पंचविसात डिझेल असंच गोठतं,
टाकी भरलेली,
आणि नळीतून थेंब पुढे सरकत नाही.

बुबुळाच्या कडेनं रक्ताचे दोन धागे आत शिरलेत,
खालून. अजून मधोमध पोचले नाहीत.
आणखी एखादं वर्ष काढलं असतंत तर...
तिनं वाक्य पुरं केलं नाही.
बस चालवता ना, एवढंच विचारलं.

आता गजर साडेचारचा.
गरम कापड, दहा मिनिटं.
मग बोटानं पापणी निपटायची,
वरची खाली, खालची वर,
संपत आलेली टूथपेस्ट काढावी तशी.
गोळी पेलाभर पाण्याशी, दुधाशी नाही,
आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही.
झोंबरे थेंब पंधरा दिवसच, तेही तिच्या नजरेखाली.
साध्या अश्रूंच्या नळ्या मात्र हव्या तेवढ्या:
कोटात, कप्प्यात, तिकिटांच्या डब्यात.
बरं होईल? विचारलं.
आटोक्यात राहील, म्हणाली.

सौना बंद.
हे ती सगळ्यात शेवटी बोलली, कागद आवरता आवरता.
चेहऱ्याला वाफ नको, कधीच नको.
बाहेर पार्किंगमध्ये मी खरंखुरं रडले,
आणि तेही झोंबलं.

पुढच्या बाकावरचा रास्मुस विचारतो,
रडतेस का गं?
नाही रे. तेल घालतेय.
मग तो पुढच्या थांब्यापर्यंत
माझी नळी मुठीत धरून बसतो, सांडू नये म्हणून,
ती रिकामी असते तरी.

शनिवार. हेल्दुरनं दुपारपासून धुराची सौना तापवलीय.
सुना, नातवंडं, शेजारचा एन्न, सगळे आत.
मी बाहेरच्या बाकावर, घोंगडीत, बर्फात पाय.
दर खेपेला दार किलकिलं करून तो येतो,
उघडाबंब, अंगातून वाफा निघतायत,
आणि आतल्या पाण्यात पिळलेलं कापड
माझ्या डोळ्यांवर ठेवून पळतो.

अंगभर मिळायची ती ऊब
आता दोन पापण्यांपुरती.

आत कुणीतरी दगडांवर पाणी मारतं.
चर्र होतं. बर्चच्या डहाळ्यांचा वास भिंतीतून येतो.
मी मिनिटं मोजते. सात. आठ.
गार पडलं, हेल्दुर.
दुसरं आण.